सुपातली लेक

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार. धान कापणीवर आलं होतं. एकदा कापणी लागली की घराकडे पाहणं होत नाही, म्हणून त्या दिवशी मी घर सारवायला काढलं. आतल्या खोल्या झाल्या होत्या, ओसरी अर्धी झाली होती, तेवढ्यात पोलीस शिपाई दारात आला. ओल्या सारवणावर पाय देईल म्हणून मी त्याला अंगणातच थांबवलं.

"कागद हाये, बाई. चांद्याचा."

"ओसरी वाळू दे. मग देजो."

"साहेबाचा कागद सुकाच असते. त्याले वाळाची वाट नाई पाहा लागत," असं म्हणून त्यानं हात लांब करून कागद माझ्यासमोर धरला.

शेणाचे हात धुऊन मी तो घेतला. गावात वाचता येणाऱ्या बाया मोजक्या, त्यातली मी एक. माझ्या भावानं आणि 'त्याचे घरी राहत असलेल्या परदेशी बाईनं' आपापल्या कागदांसह जिल्ह्याच्या कचेरीत, चांद्याला हजर राहावं, असं त्यात लिहिलं होतं. बायको म्हणून इथं राहू द्यावं, असा जो अर्ज आम्ही केला होता, त्यात काही खुलासा हवा होता.

परदेशी बाई त्या वेळी माझ्या मागंच बसलेली होती, कोपरापर्यंत शेणात. माझी भावजय.

"काय म्हणते जी, बाई?" तिनं विचारलं.

"चांद्याले बोलावलं."

"मले का त्याईले?"

"दोघाईले."

"मंग ओसरी पुरी करून घेऊ," ती म्हणाली आणि पुन्हा हात मारायला लागली. माझं तिच्याशी पटायचं ते यामुळंच.

ती ब्रह्मदेशची. माझा धाकटा भाऊ आलापल्लीच्या जंगलात सागाचं लाकूड मोजायला शिकला आणि लढाई संपल्यावर एका ठेकेदाराबरोबर तिकडच्या सागाच्या जंगलात गेला. मी तोवर विधवा होऊन माहेरी परत आले होते. शेती मीच पाहत होते. कितीतरी वर्षांनी तिकडचं काम बंद पडलं, आपल्या लोकांना तिकडून निघा म्हणायला लागले, तेव्हा तो परत आला. सोबत ही. तिच्याजवळ तिच्या देशाचा पासपोर्ट होता आणि त्यावर काही महिने राहण्याचा शिक्का. मुदत संपत आली की चांद्याला जायचं आणि वाढवून आणायची. शेवटी तिथं सांगितलं की असं किती दिवस वाढवत बसणार. बायको आहे तर बायको म्हणून अर्ज करा आणि लग्नाचा पुरावा जोडा.

आम्हाला वाटलं, पुरावा तर भरपूर आहे. अख्खा गाव पुरावा आहे.

त्याचं असं झालं होतं. तिच्या देशात म्हणे बाई आणि माणूस चार लोकांसमोर एका भांड्यात जेवले, एका घरात राहायला लागले, की लग्न झालं. भावानं हे गावात सांगितलं तेव्हा लोक हसले. "म्हणजे पळवून आणली म्हण ना सरळ!" जातीतले म्हणाले की लग्न पुन्हा लावा, आम्ही पंगतीला बसू. पण लग्न लावायचं तर मुलीकडची बाजू हवी. हातावर पाणी सोडायला बाप हवा, ओटी भरायला आई हवी. हिचं इथं कोण होतं?

आमच्यापासून चार घरं पलीकडं एक म्हातारा-म्हातारी राहत. साठीच्या पुढचे, थोडी धानाची बांधी, मूलबाळ जगलेलं नाही. बुढी स्वतःहून आली आणि म्हणाली, "मी घेतो हिले पोटी."

आमच्याकडं नवं जन्मलेलं मूल सुपात ठेवतात. बुढीनं ठरवलं की रीत करायची तर पुरी करायची. सूप आणलं, सुईण बोलावली. भावजय उंचीनं बेताचीच, पण सुपात कशी मावणार? मग तिला पाटावर बसवून नुसते पाय सुपात ठेवले. सुईणीनं कापसाचा दोरा नाळ म्हणून कापला आणि म्हणाली, "लय मोठी झाली वो पोट्टी. बुढे, येवढी कुठी लपवली होती?" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बुढी मात्र हसली नाही. पाच दिवस ती खरोखर बाळंतिणीसारखी बाजेवर पडून राहिली, खाली शेक घेतला आणि बुढ्याकडून पाणी भरून घेतलं. बुढ्यानं कुरकुर न करता भरलं. गावभर तो सांगत फिरला, "पोरगी झाली."

त्यानंतर लग्न. बुढ्यानं हातावर पाणी सोडलं. ताटात तांदूळ पसरून भावानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, आपल्याकडं लिहितात तसं. बुढीनं बजावलं, "सुपातल्या लेकराले आधीचं नाव नसते. ते नाव कोणी तोंडावर आणाचं नाई. आणलं तर जलम मोडते." मला ते आधीचं नाव माहीतच नव्हतं. पासपोर्टवर इंग्रजीत होतं, आणि मला इंग्रजी येत नाही. भावानं तेव्हापासून ते कधी उच्चारलं नाही.

तिला इथं रुळायला वेळ लागला नाही. तीही भाताच्याच मुलखातली. रोवण्याला बायांच्या रांगेत उभी राहिली तेव्हा कोणाला काही शिकवावं लागलं नाही. तिकडं एका झाडाची साल सहाणेवर उगाळून गालांना लावतात. जवळची संपल्यावर तिनं कवठाची साल उगाळून पाहिली आणि चालेल म्हणाली. पिवळट गाल घेऊन ती बांधीत उतरायची. एकाच गोष्टीवरून तिचं माझ्याशी भांडण झालं. पावसाळ्यात बोडीतल्या, शेतातल्या लहान तळ्यातल्या, बारीक मासोळ्या मीठ घालून तिनं मडक्यात आंबत ठेवल्या. त्याचा वास असा की शेजारीण विचारायला आली, "बाई, घरात काई मेलं का?" आम्हीही सुकी मासोळी खातो, पण हे वेगळं. मी ते मडकं गोठ्यात नेऊन ठेवायला लावलं. त्यातलं आवडीनं खाणारा गावात एकच माणूस निघाला, तो म्हणजे बुढा. तो वाटी घेऊन गोठ्याशीच यायचा.

चांद्याला आम्ही तिघं गेलो. भाऊ, ती आणि मी. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबईकडे गेला होता आणि साहेबही तिकडचाच होता, तरुण. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, हे मी मुद्दाम लिहिते. समोर दोन कागद ठेवले. एक तिच्या पासपोर्टाचा उतारा. दुसरा आमचा अर्ज.

"यातली तुमची बायको कोणती?" त्यानं भावाला विचारलं.

"एकच हाये साहेब. हेच."

"कागदावर दोन आहेत. ही पासपोर्टवाली ब्रह्मदेशात जन्मलेली, तिच्या बापाचं नाव तिकडचं. आणि अर्जात तुमच्या बायकोचं नाव मराठी, बाप तुमच्या गावचा, जन्म तुमच्या गावचा. खाली पाटील आणि पाच पंच अंगठे देऊन सांगतात की ही आमच्याच गावची लेक, आमच्या डोळ्यांदेखत जन्मली. मग तुमच्या बायकोला परवानगी कशाला हवी? ती इथलीच आहे. आणि ही बाई तुमच्या घरात कोण म्हणून राहते?"

अर्ज भावानंच कचेरीबाहेरच्या अर्जनविसाकडून लिहवून घेतला होता. त्यानं विचारलं तसं यानं सांगितलं. बायकोचं नाव? तांदळात लिहिलेलं. बापाचं नाव? बुढ्याचं. गाव? आमचं. पंचांनीही प्रेमानं अंगठे दिले होते. कोणी हिला परकी म्हणू नये म्हणून जन्म डोळ्यांदेखत झाला असं आवर्जून घालायला लावलं होतं. त्यांच्या हिशेबी ते खोटंही नव्हतं. सुपाभोवती ते उभेच होते.

बाहेर आल्यावर मी भावाला म्हटलं, "इतकी वर्षं परदेशात काढली, तुले तरी कळाले पायजे होतं."

"पाणी सोडलं होतं ना, बाई," तो म्हणाला. "पाणी सोडल्यावर दुसऱ्या बापाचं नाव कसं सांगू?"

पण ते बाहेर. आत मी साहेबाला सगळं सांगितलं. सूप, सुईण, दोरा, तांदूळ. तो ऐकत राहिला. एकदा हसू आलं त्याला, पण त्यानं ते आवरलं. मग म्हणाला, "बाई, माझा विश्वास बसतो. पण विश्वास कागदाला जोडता येत नाही. तुम्ही त्या म्हाताऱ्याला आणा. त्यानं माझ्यासमोर एवढंच सांगायचं की ही माझी मुलगी नाही, ही ब्रह्मदेशातून आली, मी नुसतं कन्यादान केलं. म्हणजे दोन बायांची एक बाई होईल. मी तसं लिहून वर पाठवतो. पण लवकर आणा. वर्षाअखेर मुदत संपते, आणि आता ती पुन्हा वाढणार नाही."

मला हायसं वाटलं. एका माणसानं एक वाक्य बोलायचं होतं, तेही खरं.

गावात परतलो त्या संध्याकाळीच मी बुढ्याकडं गेले. बुढी सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं समजावून सांगितलं. बुढी सूप खाली ठेवून म्हणाली, "माही नाई म्हणाचं? दान केलेली लेक?"

"दान मोडत नाही त्यानं. साहेबाच्या कागदापुरतं."

"साहेबाच्या कागदाले देव नाई का?"

बुढा तंबाखू मळत होता. "येतो मी," तो म्हणाला.

कापणी अर्धी सोडून आम्ही चौघं निघालो. वडशापर्यंत बैलगाडीनं. गाडीत मी त्याची उजळणी घ्यायला लागले.

"बाबा, साहेब पहिले काय विचारन?"

"राम राम म्हणन."

"साहेब नाही म्हणत राम राम. तो विचारन, हे बाई तुमची कोण?"

"मंग मी म्हणीन, बसू का जी?"

"बसाले तो सांगन. तुमी काय म्हणान?"

"पाणी मागीन."

भावजय पदरात तोंड घालून हसत होती. मला राग आला. हसण्यासारखं तिचं तर काहीच नव्हतं त्यात.

बुढा याआधी एकदाच चांद्याला गेला होता, महाकालीच्या जत्रेला. रेल्वेत तो खिडकीशी बसला आणि पोरगी समोर. त्याची तंबाखूची पिशवी तिच्याजवळ होती. तो हात पुढं करायचा, ती मळून द्यायची. समोरच्या बाकावरचा एक माणूस बराच वेळ तिच्याकडं पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, "कोठची होय जी हे बाई? डोये बारीक दिसते."

"माही होय," बुढा म्हणाला. "माह्या मायवर गेली."

मी बुढ्याच्या कोपराला धरलं. "बाबा, असं म्हटलं तर काम बिघडन. मनात पक्कं करा. माही नाई. येवढंच."

त्यानं तंबाखूसाठी पुन्हा हात पुढं केला. तेव्हा मला एक गोष्ट सुचली आणि ती मी बोलले. ज्यांची मुलं जगत नाहीत ते लोक आमच्याकडं नवं मूल जन्मल्याबरोबर सुईणीला किंवा शेजारणीला पसाभर कोंड्यावर विकतात. मूल वाढतं आईपाशीच, पण आईबाप जगाला सांगतात की हे आमचं नाही, आम्ही विकलं. म्हणजे नशिबाची नजर चुकते आणि मूल राहतं. मी म्हटलं, "तसं समजा. लेकरू राहावं म्हणूनच आपण माहं नाही म्हणतो ना? हिले कोंड्यावर इकलं समजा. म्हणजे राहीन हे."

बुढा माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं मान वळवली आणि चांदा येईपर्यंत खिडकीबाहेर जंगल पाहत बसला. मला वाटलं, पटलं.

साहेबानं त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीवर न बसता खाली बसला. साहेबानं सोप्या शब्दांत विचारलं, "बाबा, ही बाई तुमची मुलगी आहे का?"

बुढा दुपट्ट्याचं टोक चाचपायला लागला.

"घाबरू नका. खरं सांगा."

भावजयीच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, "बाबा, नाई म्हणा."

"तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब म्हणाला.

तिनं ज्या शब्दानं हाक मारली होती त्याच शब्दानं घोटाळा केला, असं मला पुढं वाटलं. बुढ्यानं तिच्याकडं पाहिलं आणि हात जोडले. "माही होय, साहेब."

"पोटची?"

"माह्याच घरी जलमली. सुपात होती. सारा गाव हाये पाहाले."

साहेबानं टाक खाली ठेवला. "बाबा, नीट ऐका. तुम्ही नाही म्हणालात तर ही इथं राहील. हो म्हणालात तर हिला जावं लागेल. कळलं?"

"कळलं जी."

"मग?"

"तुमी लिवा ना तिथी का ते माही नाई. तुमी साहेब हा. मी अंगठा देतो. पण मले म्हणा नका लावू."

"तुम्ही बोलाल तेच मला लिहावं लागतं."

बुढा बराच वेळ जमिनीकडं पाहत बसला. साहेबानंही घाई केली नाही. त्याला मी दोष देत नाही.

"मंग माही होय," बुढा म्हणाला.

तसं लिहिलं गेलं. त्यानं अंगठा दिला. भाऊ खोलीतून निघून गेला.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. भाऊ फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. मी बुढ्याला सोडलं नाही. "काऊन असं केलं?" मी म्हटलं. "इतकं शिकवलं, इतकं सांगितलं. एक शब्द बोलवला नाई तुमच्यानं? लेक लेक करता आन् लेकीलेच बाहेर काढलं?"

तो फलाटावर उकिडवा बसला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "बाई, तुमी तवा सासरी होते. तुमाले मालूम नाई. आमचं शेवटचं लेकरू पोट्टी होती. पहिले सारे गेले म्हणून तिले कोंड्यावर देल्ली. बुढी दूध पाजे आन् मी ज्याले त्याले सांगो, माही नाई, माही नाई. घरी येऊन तिलेई सांगो. चालाले लागली होती. माह्याकडं हात करे तं मी म्हणो, जा, माही नाई तू." त्यानं दुपट्ट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "आयकलं तिनं. गेली."

तोंड पुसून झाल्यावर त्यानं माझ्याकडं वर पाहिलं.

"एक डाव म्हटलं, बाई. आता नाई म्हणवत."

भावजय शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही. थंडी पडायला लागली होती. तिनं त्याचा दुपट्टा सोडून कानांवरून नीट बांधून दिला, आणि जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आली. "गरम हाये, बाबा. फुंकून प्या," म्हणाली.

मी त्या दिवसापासून बुढ्याशी बोलणं टाकलं. गोष्ट कोंड्याची काढली मी, हे मला समजत होतं. पण राग समजुतीवर चालत नाही. तो मेलेल्या मुलीसाठी जितीला घालवून बसला, असंच मला दिसत होतं.

हुकूम आला. मुदतीच्या आत देश सोडावा. पत्नी म्हणून यायचं असल्यास स्वदेशातून अर्ज करावा. भावाला तिच्याबरोबर जायचं होतं, पण तिकडं आता आपल्या माणसांना सहजी येऊ देत नव्हते. त्याला कलकत्त्यापर्यंतच जाता येणार होतं, बोटीपर्यंत.

राहिलेले दिवस तिनं कापणीत घालवले. मी म्हटलं, घरी बस. म्हणाली, "बसून काय करू, बाई?" शेवटच्या बांधीतलं धान तिनंच कापलं. पेंढ्या बांधून झाल्या, पुंजणं रचलं गेलं, आणि निघायचा दिवस आला.

बुढीनं मुलगी सासरी पाठवतात तसं सगळं केलं. ओटी भरली, फुटाण्याची आणि लाडवांची शिदोरी बांधून दिली. दिशा तेवढी उलटी होती. वडशाच्या स्टेशनवर बरीच गर्दी होती. नाटकाच्या मंडळींचं सामान उतरत होतं, पडदे, पेट्या, आणि ते पाहायला पोरं जमली होती. भाऊ पुढं जाऊन डब्यात जागा धरून उभा होता. बुढी भावजयीला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन बसली होती आणि तिचा हात सोडत नव्हती. बुढा आला होता, पण लांब, कुंपणाशी उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

गाडीनं शिटी दिली. भावानं दारातून तिला हाक मारली, तांदळात लिहिलेल्या नावानं. पण त्या नावाच्या बाया आमच्याकडं घरटी एक. दुसऱ्याच दोघींनी वळून पाहिलं. एक तर हसली. हिला ऐकूच गेलं नाही, की आपल्याला आहे हे कळलं नाही, कोण जाणे. त्यानं पुन्हा हाक मारली, पुन्हा तसंच. गाडी हलायच्या बेतात होती.

मग त्यानं दुसऱ्या नावानं हाक मारली.

मी ते पहिल्यांदा ऐकलं. लहानसं नाव होतं. ती ताबडतोब वळली, साऱ्या गर्दीतून सरळ त्याच्याकडं पाहिलं, आणि धावली. बुढीनं तोंडावर हात घेतला. भावजय माझ्याजवळून जाताना थांबली, वाकून पायांना हात लावला. "मडकं उन्हात नका ठेवजा, बाई," म्हणाली. मला आणखी काही बोलायचं होतं, पण ते मडक्याचं आधी आलं आणि मी म्हटलं, "नाही ठेवत." गाडी निघाली.

ती परत आलेली नाही. तिकडून तिनं अर्ज केला. तिकडचे विचारतात, लग्नाचा पुरावा. आणि इकडच्या दप्तरात लग्न झालेली बाई दुसरीच आहे, तिचा बाप जिवंत आहे आणि त्याचा अंगठा आहे. भाऊ अजून चांद्याला जातो. सागाचं लाकूड मोजायचं काम त्यानं पुन्हा धरलं आहे, जंगलातच राहतो, घरी कमी येतो. ते नाव मी इथं लिहीत नाही. बुढीनं बजावलं होतं, आणि ते मोडायचं असलं तरी मी कोण मोडणारी.

तिला सोडून त्या दिवशी वडशाहून आम्ही अंधार पडता परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुरणं होतं, धानाची मळणी. खळ्यावर माणसं सांगून ठेवली होती, बैल आणायचे होते, वेळ नव्हता. मी गोठ्यात वैरण टाकायला गेले तर मांजर मडक्याच्या झाकणाशी बसलेलं. त्याला हाकललं आणि मडकं उचलून स्वयंपाकघरात आणलं, चुलीपासून लांब, सावलीत ठेवलं. वास होताच. बाहेर आले तेव्हा दिसलं की चार घरं पलीकडं धूर नाही. आदल्या दिवशीही त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी भात टाकला. मडक्यातलं वाटीभर काढलं, ती करायची तसं तव्यावर लाल मिरची आणि लसूण घालून परतलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचंही होतं. ताट झाकून घेऊन गेले.

बुढी भिंतीकडं तोंड करून पडली होती. बुढा दारात बसला होता, कानांवरून दुपट्टा बांधलेला, तिनं बांधून दिला होता तसा. मला पाहून तो उठायला लागला.

"बसा," मी म्हटलं.

"कायचा वास येऊन राह्यला, बाई?"

"तुमच्या लेकीनं ठेवलेल्या मासोळीचा. जेवा. भात थंडा होईन."

दोघं जेवेपर्यंत मी तिथं बसले. बुढी नको म्हणत होती, तिला घास घेतल्याशिवाय सोडलं नाही. मग ताटं घासून पालथी घातली, आणि खळ्यावर माणसं खोळंबली होती म्हणून निघाले.